जावयाची बादली

उखर्डूचं नाव ठेवताना त्याच्या आईने फार लांबचा विचार केला होता. आधीची दोन मुलं गेलेली, म्हणून तिसरं झाल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीला मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घेतलं आणि नावही उकिरड्यावरूनच दिलं. देवाला वाटावं, टाकाऊ माल आहे, न्यायला नको. देव फसला. नगरपालिकेने मात्र त्याला मोठेपणी बरोबर कचऱ्याच्याच गाडीवर मुकादम म्हणून घेतलं, तेही रोजंदारीवर, आणि वर्षानुवर्षं तसंच ठेवलं.

उखर्डू मूळचा असोद्याचा. पण नोकरी लागली ती सासुरवाडीत, रावेरच्या अलीकडे केळीच्या बागांत बसलेल्या, पालिका असलेल्या एका लहानशा गावात. बायको बेबाबाई त्या गावची लेक. तिच्या गल्लीचा तो जावई आणि तिचे काका-मामा चारी वेशींपर्यंत पसरलेले, त्यामुळे अख्ख्या गावाचा जावई. सासू झुंबरबाई लग्नाकार्यात त्याची ओळख करून द्यायची ती अशी: "हे आमचे जवाई. अजून कायम व्हायचे हायेत." हे ऐकलं की उखर्डू मांडवात कुठे खांब दिसतो का ते पाहायचा आणि त्याच्या मागे जाऊन उभा राहायचा.

एक्याण्णव साली पालिकेत नवे मुख्याधिकारी आले. ते कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि गावाच्या खरकट्याने त्यांची झोप उडाली होती. त्यांनी घरोघरी एकेक निळी झाकणाची बादली आणि एकेक गोणी वाटली. बादलीत उरलंसुरलं अन्न टाकायचं, त्याचं खत करून केळीला घालायचं. गोणीत कागद, बाटल्या, डबे टाकायचे, ते भंगारवाल्याला द्यायचे. रोजचं खरकटं कचेरीच्या आवारातल्या काट्यावर मोजायचं. साहेबांनी उखर्डूला बोलावून सांगितलं की पावसाळ्याच्या आत गावाचं खरकटं निम्म्यावर आण, तुला कायम करतो. नाही जमलं तर गाडी बंद आणि तूही घरी.

गोणीचा प्रश्न आपोआप मिटला, कारण तिच्यात काही पडेचना. खानदेशात डबा मरत नाही. तेलाचा डबा रिकामा झाला की गव्हाचा होतो, गंजला की तुळशीचा होतो, बूड गेलं की चुलीपुढचा आडोसा होतो. गोण्या बायकांनी धुऊन मिरच्या वाळत घालायला घेतल्या.

घात केला तो बादलीने. साहेबांनी योजना सुरू केली नेमकी धोंड्याच्या महिन्यात. तिसऱ्या वर्षी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला घरी बोलवायचं, गोडधोड वाढायचं, रिकाम्या हाती म्हणून पाठवायचं नाही. आणि अशा महिन्यात गावाचा जावई स्वतः बैलगाडी घेऊन, घंटा वाजवत, दारोदार बादली मागत फिरू लागला.

पहिलं दार भिकुबाईचं, म्हणजे बेबाबाईच्या चुलत मावशीचं. उखर्डूने घंटा वाजवली आणि उरलंसुरलं द्या म्हणाला. भिकुबाईच्या हातातली बादली हातातच राहिली.

"अवं माय! जवाई दारात, अन् मी त्यांच्या पुढ्यात खरकटं टाकू?"

ती आत गेली, सकाळचा उरलेला भाताचा गोळा म्हशीला घातला, बादली राखेने लख्ख घासली आणि खापरावरचे गरम मांडे तिच्यात घडी करून ठेवले. वर तुपाची धार सोडली आणि झाकण लावून गाडीत दिली.

ही बातमी घंटेच्या पुढे पळाली. पलीकडच्या सुनंदाबाईने बादलीभर आमरस दिला. तिच्या जावेला मग अनारसे तळणं भाग पडलं. उखर्डू हात जोडून सांगायचा की मावशी, हे खड्ड्यात जाणार आहे, याचं खत होणार आहे. बायका म्हणायच्या, तुम्ही खा की खड्ड्यात घाला, आमच्या हातून जावयाला गेलं, आमचं काम झालं. रोज दुपारी उखर्डू पुरणाचा डोंगर खड्ड्यात लोटायचा आणि मान फिरवायचा. गाडीचा बैल मांड्यांना इतका सोकावला की कडब्याकडे पाहीना. शेजारच्या गावांतली कुत्री पाहुणी म्हणून आली आणि परत गेली नाहीत.

काट्यावर खरकटं दुप्पट भरलं. साहेबांनी काटा दुरुस्तीला पाठवला. दुरुस्त होऊन आल्यावर तिप्पट भरलं.

उखर्डूने बेबाबाईला गाडीवर पाठवून पाहिलं. पण ती पडली माहेरवाशीण. संध्याकाळी कचऱ्याची गाडी कचेरीत आली ती नारळ, तांदूळ आणि खणांनी भरून. धोंड्याचा महिना संपला तरी बादल्या उतरेनात. एकदा सुरू झालेला मान आधी थांबवायचा कुणी? जी थांबवेल तिचं नाक जाणार.

शेवटी झुंबरबाई खवळली. जावई कायम होत नाही याचं तिला दुःख होतंच, पण गाव त्याला जेवू घालतंय म्हणजे सासू उपाशी ठेवते असा त्याचा अर्थ निघत होता. एके सकाळी ती पदर खोचून गाडीत चढून बसली. भिकुबाईची बादली आली. झुंबरबाईने झाकण काढलं, मांड्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली:

"भिकू, मांडे करू राह्यली का पापड?"

पुढच्या दारी तिने रसात बोट बुडवलं. "सुनंदा, आंब्यापेक्षा विहीरच गोड लागू राह्यली वं यात."

गाडी वेशीपर्यंत गेली तोवर गावातल्या एकाही बाईची अब्रू शिल्लक नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्या बादल्या धुऊन ओट्यांवर पालथ्या. गोडधोड गेलंच, पण खरं खरकटंही बाहेर येईना, कारण कच्ची भाकरी बादलीत सापडली तर ती झुंबरबाईच्या तोंडून गावभर होणार. बायका मोजून रांधू लागल्या आणि उरलं तर नवऱ्यांना बसवून संपवायला लावू लागल्या. गावातले पुरुष गुपचूप पट्टे सैल करू लागले.

काट्यावर शून्य आलं. साहेबांनी पेढे वाटले आणि पेढा चघळतच म्हणाले की खरकटं नाही तर गाडी कशाला, आणि गाडी नाही तर मुकादम कशाला? एक तारखेपासून दोन्ही बंद.

उखर्डू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. कायम तर नाहीच, होती ती रोजंदारीही गेली. झुंबरबाईने सगळं ऐकून घेतलं.

"उद्या तुमी एकटेच जा, जवाई," ती म्हणाली. "मी पडते घरी. गुडघे दुखू राह्यले."

गुडघे दुखत नव्हते. गाडीत म्हातारी नाही, हे पहिल्या गल्लीने पाहिलं आणि तुंबलेला मान एकदम फुटला. दुपारी गाडी कचेरीत आली तेव्हा श्रीखंड बाजूने गळत होतं, बैल मागे मान वळवून वळवून चाटत होता. साहेब गॅलरीतून पाहत राहिले. मग खाली उतरले, कारण सगळ्यात वरची बादली ओळखीची होती. झाकण काढलं तर आत त्यांच्या बायकोच्या हातच्या करंज्या.

घरी विचारल्यावर बाई म्हणाल्या की गावाचे जावई आहेत म्हणे, मग आपल्याच दारातून रिकामे कसे पाठवायचे?

मान थांबतो तो गाडी बंद करून नव्हे, म्हातारीच्या जिभेने, हे साहेबांना कळलं आणि त्याच आठवड्यात उखर्डू कायम झाला. आदेशात लिहिलं नव्हतं, पण साहेबांनी तोंडी अट घातली: सासूबाई गाडीत पाहिजेत, रोज, निवृत्तीपर्यंत. उखर्डूने कुणाच्या निवृत्तीपर्यंत ते विचारलं नाही.

त्या दिवशी बेबाबाईने घरी शिरा केला. आनंदाच्या भरात उखर्डूने जास्त वाढून घेतला, पोट तुडुंब झालं आणि चार घास ताटात राहिले. त्याने ताट हळूच बाजूला सरकवलं. समोर झुंबरबाई निळी बादली मांडीवर घेऊन बसली होती. तिने फक्त झाकण उघडलं.

उखर्डूने ताट पुन्हा पुढे ओढलं.