कामाचं कुत्रं आणि लिंबांचा डबा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या घराला एक अरुंद गॅलरी आहे. तिथं जुना पेपर पसरून संध्याकाळचे बसलो होतो. मी देठासकट पानं टाकत होतो आणि ती माझ्या ढिगातनं देठं परत वेचून काढत होती. मला काही म्हणत नव्हती. मधेच म्हणाली, "अहो, लिंबू संपलंय."

त्या दिवशी मी आधीच दोनदा डांगे चौकात जाऊन आलो होतो. सकाळी मीठ, दुपारी हीच मेथी. मेथीवालीच्या शेजारीच लिंबंवाली बसते.

"डोकं कुठं ठेवतेस गं? एकदाच सांगता येत नाही?"

"राहिलं बघा. जाऊन या की."

"मी काय तुझा गडी आहे?"

ती हसली. मी बडबडत चपला घातल्या, गेलो, लिंबं आणली आणि ओट्यावर आपटली. एक गडगडत खाली गेलं. तिनं वाकून उचललं, पुसलं आणि जेवताना माझ्या वरणावर पिळलं. पहाटे ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं.

तेराव्याला पाहुण्यांची जेवणं चालली होती. लेक फ्रिज आवरत होती. तिला मागच्या कोपऱ्यात स्टीलचा डबा सापडला. त्यात ओल्या फडक्यात लिंबं. डबा गच्च भरलेला, वरची पिवळीजर्द, तळाची सुकून काळी पडलेली. लेक डबा घेऊन बाहेर आली. "बाबा, आईनं एवढी लिंबं कशाला साठवली?"

मी पंगतीसमोर म्हणालो, "विसरायला लागली होती तुझी आई. शेवटी शेवटी डोकं काम देत नव्हतं तिचं."

कुणीतरी चुकचुकलं. एक म्हातारी म्हणाली, मग सुटली म्हणायची. मीही मान हलवली. त्या बोलण्याकडं मी परत येणार आहे. आधी कुत्र्याचं सांगतो.

मी सातवीपर्यंत शिकलो. तरुणपणी दापोडीत खोली केली आणि फोर्जिंगच्या कंपनीत, तापलं लोखंड ठोकायच्या हॅमरवर लागलो, तो रिटायर होईपर्यंत तिथंच. त्या आवाजानं एक कान गेला. रिटायर झाल्यावर मला घरात बसणं जमेना. सुरुवातीला मी उगाच कपाटं उघडायचो, लावायचो, न गळणारे नळ पिळायचो. ती भाकरी थापत असली की मागं उभा राहून आच कमी कर म्हणायचो. पुढं ते हळूहळू कमी झालं. वयानं झालं असेल, असं मी धरून चाललो होतो.

ती गेल्यावर माझा पुतण्या येऊन-जाऊन असायचा. त्याचा टेम्पो आहे, चाकणच्या बाजारात कांदा नेतो-आणतो. एक दिवस म्हणाला, "चला तात्या, घरात बसून काय करताय." मी बसलो शेजारी. बाजारापासून थोडं आत, गोदामांच्या मागं, एका माणसानं जागा घेऊन कुत्री तयार करायचं काम चालवलंय. तो लातूरकडचा, लष्करात कुत्र्यांच्याच कामावर होता. इथं तो कंपन्यांच्या गोदामांना राखणीची कुत्री देतो. पुतण्याची त्याची ओळख होती, म्हणून चहाला थांबलो.

तिथं ते कुत्रं बघितलं. पिवळसर अंग, काळं तोंड, उभे कान. बेल्जियमकडची मेंढ्या राखायची जात, हल्ली पोलिसांकडं असते ती. ते त्या माणसाच्या तोंडाकडं बघत बसलं होतं. आता हा काय सांगतो, आता काय सांगतो. त्याचा डोळा हलत नव्हता. मला वाटलं, आपल्या तोंडाकडं असं कुणी बघून किती दिवस झाले. मी म्हणालो, "हे मला पाहिजे."

तो माणूस लगेच हो म्हणाला नाही. बाजेवर बसवून त्यानं विचारायला सुरुवात केली.

"काका, घर कसं आहे?"

"मोठं आहे. समोर मोकळी जागा." मोकळी जागा म्हणजे बिल्डिंगचं पार्किंग.

"चालता किती?"

"सकाळी नदीपर्यंत, संध्याकाळी परत तेवढंच."

"पळता का?"

"पळायला काय झालंय?" माझे गुडघे जिना उतरताना वाजतात.

"घरात कोण कोण?"

"सगळी आहेत," मी म्हणालो.

पुतण्या खाली मान घालून कपातला चहा हलवत बसला. मोठ्या माणसाला खोटं पाडायचं नाही, म्हणून गप्प राहिला. त्यानं तेव्हा तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, पण तो दोष मी त्याच्यावर टाकत नाही.

तो माणूस म्हणाला, "काका, हे कुत्रं रिकामं बसत न्हाई. सकाळी उठलं की ते तुमाला विचारणार, आज काय काम. तुमी न्हाई सांगितलं तर सवताच काहीतरी काढणार, आन् ते तुमाला आवडणार न्हाई. सोबत पायजे असंल तर दुसरं बघू. एखादं शांत, म्हातारं."

"मी जन्मभर हॅमर चालवलाय. मला कामाचं सांगू नका."

त्यानं उठून कुत्र्याची साखळी सोडली. मग म्हणाला, "ठेवून बघा. न्हाई जमलं तर फोन करा. लाज धरू नका."

परत येताना पुतण्या म्हणाला, "तात्या, खोटं कशापायी बोललात? चुलती गेली म्हणून सांगायचं की सरळ."

"गप गाडी चालव."

कुत्रं घरी आलं. त्याचं काय नाव होतं ते मी कधी घेतलं नाही, 'अरे' म्हणायचो. बायकोलाही जन्मभर 'अगं'च म्हटलं. सकाळी त्याला नदीकडं न्यायचो. मी दमून घाटाच्या पायरीवर बसायचो आणि ते साखळीला ताण देऊन उभं. घरी आलो की ते दारापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून दारापर्यंत चालायचं. दुपारभर चालायचं. नखांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी चांगला कान उशीवर दाबून पडायचो. मग त्यानं चपला पळवल्या. मग खुर्चीचा पाय कुरतडला. मग मोरीतली पाण्याची नळी फोडली आणि खालच्यांच्या घरात पाणी गेलं. त्या दिवशी मी त्याला कमरेच्या पट्ट्यानं मारलं. एकदाच, असं मी पुतण्याला सांगितलं होतं. एकदाच म्हटल्यानं ते कमी होत नाही. मारताना ते पळालं नाही, माझ्या तोंडाकडंच बघत राहिलं. आता तरी काम सांगतील, असं.

मला कळत होतं की हे कुत्रं माझ्या घरातलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशीच कळलं होतं. फोन मात्र केला नाही. लाज धरू नका म्हणाला होता, मी तीच धरून बसलो. बायको गेली, आता कुत्रंही सांभाळता येईना, असं लोक म्हणतील. माझ्या अब्रूपायी ते जनावर बांधून राहिलं.

मग पोरांचं झालं. संध्याकाळी पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती. माझ्या हातून दार उघडं राहिलं. मी खाली पोचेपर्यंत त्यानं सगळी पोरं मीटरच्या पेट्यांपाशी गोळा केली होती. कुणी बाजूला सरकलं की ते वळसा घालून त्याच्या टाचेशी तोंड न्यायचं आणि पोर परत आत. पोरं रडत होती. कुत्रं माझ्याकडं बघून शेपूट हलवत होतं. बघा, केलं की नाही काम. एका लहान मुलीच्या टाचेला दात लागला होता. तिला दवाखान्यात नेलं, सुई दिली.

दुसऱ्या दिवशी तिची आई जिन्यात भेटली. आवाज न चढवता बोलली, म्हणून जास्त लागलं. "काका, तुमचं तुम्हाला होत नाही, हे कशाला आणलंत? काकू असत्या तर आणू दिलं असतं का?"

"जातच वाईट निघाली," मी म्हणालो.

"कुणाची?" ती म्हणाली आणि वर गेली.

पुतण्यानं मला न विचारता चाकणच्या माणसाला फोन केला. तो रविवारी आला. चिडला नाही. कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, पंजे उलटून नखं बघितली. झिजली होती. मग माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, कुत्र्याला हुंगायला दिली आणि मला त्याला धरायला सांगून पार्किंगमध्ये कुठल्यातरी स्कूटरमागं लपवून आला. "शोध."

कुत्रं सुटलं. इतके दिवस माझ्या घरात होतं ते हे नव्हतंच. नाक जमिनीला, कान पुढं, एकेक गाडी बघत गेलं आणि टोपी घेऊन आलं. त्यानं शाबासकी दिली आणि परत लपवली. परत शोध. असं कितीदा तरी. शेवटी कुत्रं आपण होऊन सावलीत पडलं आणि डोळे मिटले. माझ्या घरात ते दिवसा कधी झोपलं नव्हतं.

मी विचारलं, "त्याला कळत नाही का, टोपी तुम्हीच ठेवताय म्हणून?"

"कळलं तरी काय? काम खरं असलंच पायजे असं न्हाई काका. आपल्याला कुणीतरी काम सांगतंय, जाऊन आलो की कुणीतरी वाट बघतंय, एवढं त्याला पुरतं. घरात बसून सगळ्यांना छळत न्हाई मग. फकस्त सांगणाऱ्यानं कंटाळायचं न्हाई."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. त्याला वाटलं, चक्कर आली. चक्कर नव्हती. सकाळी मीठ, दुपारी मेथी, संध्याकाळी लिंबू. डबाभर लिंबं घरात असताना. मी रिटायर झालो तेव्हापासून ती मला असं फिरवत होती. कपाटं उघडणं वयानं कमी झालं नव्हतं, तिनं कमी केलं होतं. आणि प्रत्येक खेपेला मी तिला काय काय बोललो. ती गेल्यावर तर सगळ्या पाहुण्यांसमोर तिला डोक्यानं अधू ठरवलं.

त्या माणसानं विचारलं, "काका, आता खरं सांगा. घरात कोण आहे?"

"कोणी नाही."

"आन् पळणं?"

"गुडघे गेलेत."

त्यानं मान हलवली. "गोदामावर एक जागा आहे. रोज फिरती राखण, दिवसाआड सराव. तिथं त्याचं चांगलं होईल. पण तुमी रोज असं काम देणार असाल तर मी न्हेणार न्हाई, त्याला तुमचा लळा लागलाय. रातभर विचार करा."

मला ते सोडायचं नव्हतं, हे खरं. तो गेल्यावर मी ठरवलं, आपण देऊ की काम. चुन्याची डबी उशीखाली लपवली. त्यानं आणली. कपाटामागं ठेवली, आणली. गॅलरीत, मोरीत, पिठाच्या डब्यामागं. ठेवायचो आणि कमरेवर हात देऊन उभा राहायचो. ते आणून पुढ्यात टाकायचं आणि परत तोंडाकडं बघायचं. अंधार पडायच्या आत मी वैतागलो. डबी भिरकावली आणि ओरडलो, "डोकं कुठं ठेवतोस रे? आत्ताच आणलीस ना?"

शब्द तेच निघाले. घरात हसायला कोणी नव्हतं. कुत्रं डबी घेऊन आलं, लाळेनं भरलेली, आणि माझ्या पायाशी ठेवून बसलं. मला एक संध्याकाळ जमलं नाही. तिनं ते वर्षानुवर्षं केलं, आणि वर माझं ऐकूनही घेतलं.

मी पुतण्याला फोन केला. म्हटलं, सकाळी टेम्पो घेऊन ये.

सकाळी कुत्रं माझ्याआधी खाली उतरलं. टेम्पोच्या हौद्यात उडी मारली आणि चाकणपर्यंत तोंड वाऱ्याला धरून उभं राहिलं. मी साखळी त्या माणसाच्या हातात दिली. पट्ट्यानं मारल्याचंही सांगितलं, त्याला ठाऊक असलेलं बरं. त्यानं मला एक शब्द सुनावला नाही. कुत्र्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. मग त्याच्या तोंडाकडं बघत बसलं.

येताना चौकात गाड्या अडकल्या होत्या. पुढं-मागं ट्रक, बाजूला कंपनीच्या बसगाड्या. मी खिशातनं फोन काढला आणि लेकीला लावला.

"बाबा? एवढ्या सकाळी? बरं आहे ना?"

"तेराव्याला मी बोललो ते खोटं होतं. तुझी आई विसरत नव्हती."

"काय? आवाज येत नाही, बाबा."

पुतण्यानं गाणी बंद केली. "तिला ऐकू येत नसंल तात्या, ट्रकचा आवाज हाय. जोरात बोला."

त्याच्यासमोर बोलायची मला लाज वाटली. पण तेराव्याला तो पंगतीत वाढत होता, त्यानंही ते ऐकलं होतं. मी काच वर केली, फोन चांगल्या कानाला लावला आणि परत सांगितलं, जोरात. लिंबांचंही सांगितलं.