ओ देणारा कडा

तळ्यावर सुट्टीला आलेल्या माणसाने काय काय करावं, हे वहिनीला विचारावं. पहाटे टेकडी चढून सूर्य उगवताना पाहावा. ढग असले तर ढग पाहावेत आणि घरी जाऊन सूर्य पाहिला म्हणून सांगावं. धबधब्याखाली उभं राहून कुडकुडावं. दिवसभर गळ टाकून बसावं आणि संध्याकाळी मासे बाजारातून विकत घ्यावेत. रानातली फळं खाऊन जीभ जांभळी करून घ्यावी. नाहीतर झाडाखाली सतरंजी टाकून घोरत पडावं. घोरायला माणसं इतक्या लांब का येतात, हे कोडं मात्र वहिनीला कधी सुटलं नाही. आणि हे सगळं झालं, की तिच्या होडीत बसून ओ देणाऱ्या कड्यापाशी जावं. ज्याने हे केलं नाही त्याची सुट्टी फुकट गेली, असं ती छातीठोकपणे सांगायची.

सगळ्या तळ्याची ती वहिनीच होती. अंगाने काटकुळी, दंड मात्र वल्हं मारून मारून पैलवानासारखे झालेले. तोंड फटकळ. पाहुण्यांना ती हसवायची, दटावायची, उभं राहून फोटो काढणाऱ्याला "पोहता येतं का? मग बसा खाली" म्हणायची. तिच्यासारखी आनंदी बाई पाहिली नाही, असं पाहुणे जाताना म्हणत. पाहुण्यांचं काय, ते दोन दिवसांचे. वहिनीच्या पोटात काय जळत होतं ते काठावरच्या नावाड्यांना ठाऊक होतं, आणि समोरच्या हॉटेलातल्या दादांना तर फारच चांगलं ठाऊक होतं.

दादा म्हणजे तिचे थोरले दीर. हॉटेल त्यांचं, हॉटेलाचा धक्का त्यांचा, आणि एके काळी धक्क्यावरच्या दोन होड्याही त्यांच्याच. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, ह्या होड्या चालवायचा. त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरल्यापुढे कधी मान वर केली नाही, आणि दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. दारूचा वास आला तरी त्याला मळमळायचं. लग्नकार्यात मित्र त्याला ह्यावरून छळायचे.

त्या तळ्यावर एक रीत आहे. दुपारी खिंडीतून वारा सुटतो, पण धक्का खडकाच्या आडोशाला असल्यामुळे तिथे तो कळत नाही. म्हणून खडकावर एक खांब उभा केला आहे. ज्या नावाड्याला वारा आधी दिसेल, त्याने धावत जाऊन खांबाला लाल फडकं बांधायचं. फडकं वर असेपर्यंत कोणीही होडी सोडायची नाही, मग राजा येऊन बसला तरी. आणि फडकं नसलं, तर दुसरं काही बघायचं नाही. खांबावर नावाड्यांचा असा आंधळा विश्वास होता.

त्या दिवशी फडकं होतं. एका म्हाताऱ्या नावाड्याने ते बांधलं आणि तो जेवायला गेला. वहिनी वरच्या उतारावर हॉटेलच्या चादरी वाळत घालत होती. तिने पाहिलं, दादा खडकावर चढले, इकडेतिकडे बघत त्यांनी फडकं सोडलं, घडी केली आणि खिशात घातलं. तिला वाटलं, वारा पडला असेल, दादांना कळत असेल. धाकटा खाली धक्क्यावर होडी धूत होता. त्याने मान वर करून खांबाकडे पाहिलं, खांब मोकळा होता. धबधबा बघायला हटून बसलेले पाहुणे त्याने होडीत घेतले. जाकिटं मोजून दिली, एक कमी पडलं, तेव्हा स्वतःचं काढून दिलं.

पाहुणे सगळे वाचले. धाकटा संध्याकाळी सापडला.

त्याचं अंग अजून ओलं होतं, आणि दादा धक्क्यावर जमलेल्या लोकांना सांगत होते, "काय करणार, प्यायला होता." उचलली जीभ लावली टाळ्याला. पण थोरला भाऊच डोळ्यांत पाणी आणून सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? वहिनीने फडक्याचं सांगितलं, तर लोक म्हणाले, बायको असंच म्हणणार. फडकं बांधणारा म्हातारा, आपलीच गाठ सैल सुटली असेल ह्या धास्तीने, पुढे आलाच नाही. पुढे दादांनी धक्क्यावर एक पाटीही लावली, "दारू पिऊन होडी चालवू नये." नवीन पोराच्या हातात वल्हं देताना आई सांगू लागली, "धाकट्यासारखं करू नकोस रे बाबा." जन्मभर पाणी आणि चहा पिऊन काढलेला माणूस मेल्यावर तळ्यावरचा नामांकित बेवडा झाला. शाळेत त्याच्या एकुलत्या लेकीला पोरं "बेवड्याची" म्हणून हाक मारत. ती रडत घरी यायची, आणि एक दिवस रडायची बंद झाली. वहिनीला रडण्यापेक्षा ते बंद होणंच जास्त लागलं.

दादांनी तिला हॉटेलच्या मागची एक खोली देऊ केली. "आपलेच दात आपलेच ओठ," ते म्हणाले, "झालं गेलं विसरून जा." वहिनीने खोली घेतली नाही. तिने दोन होड्यांपैकी जुनी मागितली. दादांनी ती चटकन देऊन टाकली. एवढ्यावर सुटलो, असं त्यांना वाटलं असणार.

आता तळ्याची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तळं लांबट आहे आणि मधे चिमटा काढल्यासारखं अरुंद झालं आहे. तिथे एका बाजूला सरळसोट काळा कडा. होडी मधोमध उभी करून कड्याकडे तोंड करून ओरडलं, की कडा ओ देतो, आणि त्याची ती ओ पाण्यावरून थेट समोरच्या काठावर जाते. समोरच्या काठावर आहे दादांच्या हॉटेलचा व्हरांडा. तिथे दादा रोज सकाळी पाहुण्यांबरोबर चहा घेत बसतात.

वहिनी पाहुण्यांना सांगायची, "हा डोंगर मोठा खडूस आहे हं. तुमच्या नावागावाशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याला एकच प्रश्न आवडतो. सगळ्यांनी मिळून विचारायचा. फडकं कोणी काढलं?"

"कसलं फडकं?" कोणीतरी विचारायचंच.

"ते डोंगराला माहीत आहे. तुम्ही नुसतं विचारा. पोटातून!"

आणि कचेरीतले साहेब, नवी नवरी, कवळी सांभाळणारे आजोबा, सगळे सुट्टीच्या उत्साहात बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "फडकं कोणी काढलं?" कडा म्हणायचा, "कोणी काढलं... काढलं... काढलं..." पाहुणे टाळ्या पिटायचे. वहिनी पाहुण्यांकडे बघायचीच नाही. तिचे डोळे व्हरांड्यावर असायचे. पांढऱ्या सदऱ्यातला तो माणूस कप खाली ठेवताना दिसला, की तिला जेवल्यासारखं वाटायचं.

दादांनी उपाय कमी केले नाहीत. व्हरांड्यात मोठ्याने गाणी लावली, तर शांततेसाठी आलेले पाहुणे भडकले. मोटारीची नवी होडी आणली, तर लोक म्हणाले, "आम्हाला ती फडकंवाली होडी हवी." शेवटी पाहुण्यांच्या ह्या चौकशांना वैतागून त्यांच्याच मुलाने हॉटेलच्या भिंतीवर 'सुट्टीत काय काय कराल' म्हणून रंगीत फलक लावला, त्यात सूर्योदय, धबधबा, मासेमारी आणि चौथं, 'ओ देणाऱ्या कड्याला प्रश्न विचारा.' मुलाला बिचाऱ्याला काय ठाऊक! दादांना तो फलक काढायला सांगता येईना, कारण का म्हणून सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. वहिनीने ते ऐकलं तेव्हा ती वल्हं टाकून पोट धरधरून हसली.

अशी वर्षं गेली. लेक शिकली, शहरात नोकरीला लागली. "आई, पुरे आता," ती फोनवर म्हणायची, "कोणाला काय पडलंय?"

"मला पडलंय," वहिनी म्हणायची आणि फोन ठेवायची.

दादा म्हातारे झाले. काठी आली, छातीत कळ येऊ लागली. पण त्यांना मोडलं ते त्यांच्या नातीने. सुट्टीला आलेली ती चिमुरडी वहिनीच्या होडीतून फिरून गेली आणि तो प्रश्न तिच्या जिभेवर बसला. जेवताना, अंघोळीला जाताना, आजोबांच्या मांडीवर चढून त्यांचे गाल दोन्ही हातांनी धरून, "आजोबा, फडकं कोणी काढलं? सांगा ना, कोणी काढलं?" घरातले सगळे हसत होते. दादा ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे उठायच्या आत, दादा काठी टेकत वहिनीच्या होडीपाशी आले. गळ्याला मफलर. इतक्या वर्षांत दोघं समोरासमोर आली नव्हती.

"कड्यापर्यंत ने मला," ते म्हणाले.

वहिनीने जाकीट काढून त्यांच्या अंगावर चढवलं आणि पट्टे स्वतःच्या हाताने आवळले, जरा जास्तच. ह्या माणसाला खोल पाण्यावर एकटं गाठायचं, हे स्वप्न तिने किती वेळा पाहिलं होतं. दादांच्या डोळ्यांत भीती दिसली. ती पाहून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची तिला लाज वाटली नाही.

"घाबरू नका भावजी. बुडवायचं असतं तर केव्हाच बुडवलं असतं. तुम्ही मला जिवंत हवे आहात. मेलेल्याला ऐकू येत नाही."

मधोमध आल्यावर तिने होडी थांबवली.

"बंद कर आता," दादा म्हणाले. "हात जोडतो. माझी नात..."

"माझीही लेक होती."

दादा पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढा वारा येईल असं वाटलं नव्हतं गं. पाहुणे कटकट करत होते. त्यांचा शेवटचा दिवस होता."

"ह्यांचाही होता," वहिनी म्हणाली. "बरं, ते राहू दे. फडकं काढलंत, चूक झाली म्हणू. पण प्यायला होता असं का म्हणालात?"

दादांनी खांदे पाडले. "काहीतरी म्हणायला हवं होतं ना."

एवढंच? वहिनीने मनात मोठमोठी कारणं रचली होती: वैर असेल, हेवा असेल, वाटणीची भीती असेल. आणि निघालं काय, तर तोंडाला आलं ते बोलले. तिला वाटलं, हे वल्हं ह्यांच्या डोक्यात घालावं. तिने ते पाण्यात रोवून धरलं.

"तुम्ही उत्तर द्या," ती म्हणाली. "मग मी प्रश्न विचारायचं बंद करते. माझा शब्द."

"दिलं की आत्ता."

"मला नाही. मला तर तेव्हापासून ठाऊक आहे. त्याला द्या." तिने कड्याकडे बोट केलं.

दादा काठीच्या आधाराने सरळ बसले. तोंडाभोवती हात धरले. "मी काढलं," ते म्हणाले. आवाज घोगरा, दमलेला. होडीच्या काठापर्यंतही नीट पोचला नाही. कडा गप्प. "मी काढलं!" त्यांनी पुन्हा जोर केला आणि खोकल्याची उबळ आली. कड्याने खोकलासुद्धा परत केला नाही. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं.

"झालं?" दादांनी विचारलं. चेहऱ्यावर सुटकेसारखं काही होतं. कोणीच ऐकलं नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला होता.

"झालं," वहिनी म्हणाली. "उद्यापासून प्रश्न बंद."

तिने त्यांना धक्क्यावर उतरवलं, हात धरून, पाटीच्या अगदी समोर. दादांनी पाटीकडे पाहिलं नाही. काठी टेकत ते वर गेले, आणि जाताना त्यांची पावलं हलकी पडत होती, हे वहिनीने पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन छान होतं. व्हरांडा चहाच्या वेळी भरला होता. दादाही होते, मांडीवर नात. वहिनीची होडी गच्च भरून कड्यासमोर आली. तिने फोन काढून लेकीला लावला.

"आई, मी कामावर आहे."

"फोन ठेवू नकोस. नुसतं ऐक." मग ती पाहुण्यांकडे वळली. "मंडळी, हा डोंगर खडूस आहे. प्रश्न विचारून विचारून मी थकले, त्याने कधी उत्तर दिलं नाही. पण काल उत्तर मिळालं. ज्याचं त्यानेच दिलं, ह्याच होडीत बसून. तुम्ही तेवढं डोंगराला कळवायचं. पोटातून!"

तिने उत्तर सांगितलं. पाहुण्यांनी छाती भरून घेतली.

"फडकं दादांनी काढलं!"

"दादांनी काढलं... दादांनी काढलं... काढलं..." कडा म्हणाला.

काठावर जाळं सोडवणारे नावाडी ताठ उभे राहिले. ज्याने ते फडकं बांधलं होतं, तो म्हातारा नावाडी हळूच खाली बसला. व्हरांड्यात माना दादांकडे वळल्या. सगळ्यांत आधी त्यांच्या मुलाची. नात टाळ्या वाजवत होती, "आजोबा, तुम्ही! तुम्ही!" दादा उठायला गेले, पण मांडीवर नात होती, म्हणून त्यांना उठता आलं नाही.

वहिनीने शब्द पाळला होता. प्रश्न बंद केला होता.

तिने फोन कानाला लावला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. शाळेत असताना बंद झालेलं रडणं होतं ते.

"आई," लेक म्हणाली, "परत एकदा ओरडायला सांग ना."

वहिनीने फोन वर धरला.

"मंडळी," ती म्हणाली, "अजून एकदा."