थोरल्या काशेचा बाण

कालाहारीच्या वाळूतल्या आमच्या वस्तीत दोन काशे. एक मी आणि दुसरा माझ्या आजोबांच्या वयाचा, ज्याच्यावरून माझं नाव ठेवलं. थोरल्याचं नाव धाकट्याला दिलं की आमच्यात दोघांना एकमेकांची हवी तेवढी टर उडवायची मुभा असते. ती आम्ही कधी वाया जाऊ दिली नाही.

थोरला काशे बाण करायचा. बोरूची काडी गरम राखेत शेकून सरळ करायची, पुढे हाडाचा सांधा, मग कुंपणाच्या तारेचं ठोकून केलेलं पातं आणि पात्याच्या मागे किड्याच्या अळीचं विष. मागच्या टोकाला पीस कधी नाही. काडी सरळ असली तर पीस हवं कशाला, असं त्याचं म्हणणं. पाय थकल्यापासून तो शिकारीला जात नव्हता, पण बाण द्यायचा. आणि आमच्याकडे ज्याचा बाण त्याचं मांस. मारणारा कुणी का असेना, वाटणी बाणाच्या मालकाने करायची. त्यामुळे पाय थकले तरी माणूस मोडीत निघत नाही.

पण दोन वर्षांत त्याच्या बाणाने एकही जनावर पडलं नव्हतं. कारण मला ठाऊक होतं. म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती. काडीतला बाक त्याला दिसायचा नाही आणि बाण भरकटायचा. सगळे शिकारी त्याचे बाण आदराने घ्यायचे, भात्यात ठेवायचे आणि मारायचे दुसऱ्याच्या बाणाने. मीही तेच करत होतो. चांगुलपणाच्या नावाखाली आम्ही त्याला वाळीतच टाकलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

एका सकाळी त्याने मला गाठलं. "माझा बाण कुठाय?"

"भात्यात."

"दोन पावसाळे तो भात्यात काय अंडी उबवतोय?"

शेजारी त्याची बायको खोआन दगडाने फळांच्या बिया फोडत होती. तिचा हात थांबला. मी खरं सांगून टाकलं. "म्हाताऱ्या, तुझा बाण वाकडा जातो. तुला दिसत नाही आता."

"आणि हे तू आत्ता सांगतोस? नाव माझं, मग जीभ कुणाची घेऊन आलास?"

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर विष न लावलेला बाण अंगठ्याच्या नखावर टेकवून गरागरा फिरवत बसलेला. काडी वाकडी असली की नखावर थरथरते. "डोळे गेले, नख कुठे गेलंय?" म्हणाला. थरथर लागली की काडी पुन्हा राखेत, पुन्हा दाब, पुन्हा नखावर.

"माझ्या पाठीवरून कधी इतका हात फिरवला नाहीस," खोआन म्हणाली.

तीन दिवसांनी मी तो बाण वारुळावर मारून पाहिला. सरळ गेला. मग त्याने विष लावलं.

त्याच आठवड्यात मी तो कुडू हरणाच्या एका नरावर सोडला. चुकला असता तर म्हाताऱ्याला काय तोंड दाखवणार होतो? बाण बरगडीत बसला. शिकाऱ्याने फुशारकी मारायची नाही ही आमची रीत, म्हणून वस्तीवर येऊन मान खाली घालून म्हणालो, "काही नाही, एक मरतुकडं दिसलं." विष चढायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी माग काढत गेलो, तर जनावर झाडाखाली पडलेलं.

मांस आलं. थोरल्याने वाटणी केली आणि लगेच सुरू झालं.

"मला एवढंच?"

"बाण लांब आणि मन एवढंसं!"

"सगळी चरबी बायकोच्या माहेरी!"

वाटणाऱ्याला आमच्यात बोलणी खावीच लागतात. म्हातारा एकेकाला मोठमोठ्याने उत्तरं देत होता. मीही माझा तुकडा उलटसुलट करून म्हणालो, "नुसतं हाड दिलंस की रे, कंजुषा!"

त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"अजून बोल," म्हणाला. "दोन वर्षं झाली, वाटणीवरून मला कुणी एक शिवी दिली नाही."