विहिरीचं शेवटचं पान

कुठलाही कागद हातात दिला की पेंटरचाचा तो आधी उलटा करून पाहायचे. लग्नाची पत्रिका असो, तहसीलची नोटीस असो, नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी. मागची बाजू कोरी निघाली की चेहरा खुलायचा. "इकडची बाजू कामाची हाय," म्हणत घडी घालून कागद खिशात. मग दोन दिवसांनी आम्हालाच विचारायचे, "ते लग्न कुणाचं होतं बे?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पुढच्या बाजूला जे छापलंय त्यावर त्यांचा फारसा विश्वास नसतो.

मी मूळचा कोकणातला. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. बहिणीचे यजमान आष्टीला दूध संघात टँकरवर ड्रायव्हर होते, त्यांनी मला तिथं चिकटवलं. काम सायक्लोस्टाइल मशीनचं. मेणाच्या कागदावर टोकदार लेखणीनं लिहायचं, तो कागद मशीनच्या रुळावर चढवायचा, शाई भरायची आणि हँडल फिरवून प्रती काढायच्या. नेमणूक अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसवायचे आणि मर्जी असली तर पुन्हा अकरा महिने. दर सोमवारी कचेरीत शिरताना मला वाटायचं, आज काढणार. शिपायानं नुसतं "काय कोकणी?" म्हटलं तरी मी टेबल आवरायला घ्यायचो.

चाचा संघाच्या पगारावर नव्हते. गावातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, आणि निवडणूक आली की भिंती. आमच्या चेअरमनसाहेबांचं तोंड त्यांनी वीस वर्षं भिंतींवर काढलं होतं. संघाच्या निवडणुकीला काढलं, सोसायटीच्या काढलं, कारखान्याच्या काढलं. साहेबांची मिशी पिकली, गळा सुटला, पण भिंतीवर ते तिशीतच राहिले. साहेबांना ते फार आवडायचं.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. गावाबाहेरच्या माळावर संघानं जनावरांची छावणी उघडली. लोक बैल, म्हशी घेऊन आले आणि तिथंच पाल ठोकून राहिले. पुष्कळ पालांत म्हातारी माणसं आणि पोरंच होती. मधली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली.

चेअरमनसाहेबांच्या मनात आलं की छावणीत पाणी वाचवण्याविषयी प्रबोधन व्हावं. काम माझ्याकडे आलं. मी रात्रंदिवस विचार करून दहा सूचना लिहिल्या. पहिली सूचना, नळ वाहता ठेवू नका. चित्रासाठी चाचांना बोलावलं. त्यांनी माझा कागद उलटा करून पाहिला, मग सुलटा केला.

"छावणीत नळ कुठं हाय?"

"नाही."

"मग कुणाला सांगतोस? म्हशीला?"

मी कागद मागे घेतला. म्हटलं, चाचा, मला दुसरं काही येत नाही. आमच्याकडे प्रत्येकाच्या मागच्या दारी विहीर असते. पावसाळ्यात वाकून तांब्यानं पाणी घेतात. पाणी वाचवायचं कसं, हे मी कधी बघितलेलंच नाही.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यावर दया येत होती की हसू, कळेना. मग म्हणाले, "आमच्याकडं बी होत्या की विहिरी. गेल्यात ऊसतोडीला."

आमची गोष्ट सुरू झाली ती अशी. गावातली एक विहीर. पाणी आटलं, गाव तिच्याकडे बघेना. एक दिवस तिनं दोर कमरेला गुंडाळला, बादली डोक्यावर घेतली आणि ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढून निघून गेली. पलीकडच्या मुलुखात एक राक्षस. दिसेल ते पाणी पितो आणि ऊस पिकवतो. तो विहिरीला धरून ठेवतो. शेवटी विहीर त्याला म्हणते, वाकून पी, तळाचं पाणी गोड आहे. राक्षस वाकतो आणि आत पडतो. विहीर ट्रकमधून घरी येते, उतरते आणि आपल्या जागेवर बसते. आठ पानांची चित्रकथा. दर शनिवारी वैरण वाटायची तेव्हा पेंडीबरोबर घरटी एक पान द्यायचं. साहेबांना मी एवढंच सांगितलं की पाण्याविषयी आहे. ते खोटं नव्हतं.

चाचांची पद्धत उलटी. आधी चित्र काढायचे, मग बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ फुगा काढायचे, आणि मला सांगायचे, "ह्यात बारा अक्षरं मावत्यात. बोल." मी भाषण लिहून आणलेलं असायचं. विहीर गाव सोडताना काय काय बोलली, ते दीड पान. चाचा म्हणायचे, "ती विहीर हाय. पुढारी न्हाई." मग मी खोडत खोडत "बघा कुणी आठवलं तर" एवढ्यावर यायचो. मला लिहिणं शाळेनं शिकवलं नाही, त्या फुग्यांनी शिकवलं. आजही वाक्य लांबलं की मला त्यांचा शाईनं काळा अंगठा दिसतो.

राक्षसापाशी घोडं अडलं. चाचांना तो काळाकभिन्न हवा होता. पण मेणाच्या कागदावर मोठा भाग काळा करायचा म्हणजे मेण खरवडत बसावं लागतं, आणि मशीनवर चढवलं की नेमका तिथंच कागद फाटतो. तीन राक्षस फाटले. चौथ्या वेळी चाचा वैतागले. "ऱ्हाऊ दे पांढराच," म्हणाले आणि नुसत्या रेघांत राक्षस काढला. पांढरं अंग, पांढरं धोतर, डोक्यावर मुकुटाऐवजी पांढरी टोपी, कारण मुकुटाला बारीक नक्षी लागते आणि ती शाईत बुजते. दोन शिंगं टोपीतून वर आलेली. मी म्हटलं, छान आहे. आम्ही छापला आणि पाचव्या शनिवारी वाटला.

वैरणीच्या रांगेत एक म्हातारी होती. तिला वाचता येत नव्हतं. पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि किंचाळलीच, "आगं बया! चेअरमन की ह्ये!"

रांग मोडली. जो तो पान बघायला लागला. मीही बघितलं, आणि मग मला दुसरं काही दिसेना. तेच कपाळ, तीच मिशी, भिंतीवरचे तिशीतले डोळे. इतके महिने मी ते तोंड रोज कचेरीच्या भिंतीवर बघत होतो, म्हणूनच मला ते कागदावर ओळखू आलं नव्हतं. सोबत आलेल्या चाचांकडे वळलो तर तेही डोक्याला हात लावून बसलेले.

"हात बसलाय रे," ते हळूच म्हणाले. "मोठा माणूस काढायचा म्हटलं की हेच तोंड येतंय."

सहावं पान तरी थांबवावं असं मी म्हटलं. पण पोरं शनिवारी वैरणीच्या गाडीच्या आधी येऊन बसली होती. दिलं.

सोमवारी शिपाई आला. "कोकणी, साहेबांनी बोलावलंय. पेंटरला घेऊन. राह्यलेली पानं बी आणा म्हणले."

चेअरमनसाहेबांच्या टेबलावर पाचवं पान पसरलेलं. शेजारी काचेच्या गोळ्याखाली माझा नेमणुकीचा कागद. अकरा महिने त्याच आठवड्यात संपत होते.

"ह्ये कोण हाय?"

"राक्षस, साहेब," मी म्हणालो.

"ते दिसतंय. कुठला?"

चाचा म्हणाले, "साहेब, खोटं कशाला बोलू. वीस वर्षं एकच तोंड काढतोय. आता देव काढाय घेतला तरी तुमीच येता."

साहेबांनी मान वर केली. "देव काढला तरी?"

"तरी बी."

साहेब खुर्चीत मागे रेलले. चहा मागवला. पान पुन्हा उचलून बघितलं तेव्हा नजर बदललेली होती. "रुबाब हाय तसा," म्हणाले. मग सातवं पान घेतलं. "पण ह्यो पडतोय कामून?"

"गोष्टीत तसं आहे," मी म्हणालो.

"पडता कामा नये. निवडणूक आलीय." आठवं पान घेतलं. त्यात ट्रक होता, आणि ट्रकच्या फळीवरून एक पाय खाली टाकून उतरणारी विहीर. चाचांनी काढलेलं ते सगळ्यांत चांगलं चित्र. कडेनं पाणी हिंदकळतंय आणि ते पाणी म्हणजे नुसता कोरा सोडलेला कागद. "आन् ही एकटीच घरी येती? आणली कुणी तिला?"

"स्वतःच येते, साहेब."

"असं कसं? कुणीतरी आणल्याबिगर काय येतं का? बँक आली, रस्ता आला, छावणी आली, आपण आणलीच ना?" साहेब समजावून सांगत होते, त्यांचा आवाज खरोखर मायेचा होता. "सरळ करा. ह्यानं शिंगं टाकली, मन पालटलं, गावाला टँकर आणला. लोक हार घालतायत. झालं."

"आन् विहिरीचं?" चाचांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की तिकडं. टँकर आलाय ना."

साहेबांनी काचेचा गोळा उचलून माझा कागद पुढे सरकवला. "ह्याचं बी बघायचंय मला. कायम करावं का घरी धाडावं." आणि आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत राहिले.

चाचांनी माझा कागद हातात घेतला. सवयीनं उलटा केला. कोरा होता. मग सुलटा करून, ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी त्यांना सबंध कागद वाचताना पहिल्यांदाच बघत होतो. तो जपून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काढतो, साहेब."

बाहेर आल्यावर मी म्हणायला हवं होतं, चाचा, राहू द्या, मी जातो कोकणात. मी ते म्हणालो नाही. मी त्यांच्यासाठी नवा मेणाचा कागद आणायला पळालो.

दुपारी त्यांनी दोन्ही पानं काढली. हात सराईत चालत होता. शिंगं नसलेला राक्षस काढताना तर त्यांना बघावंही लागलं नाही. टँकर, हार, हात जोडलेली माणसं. फुगे मी भरले. बारा अक्षरांत बसवायला अडचण आली नाही, साहेबांविषयी वाक्यं आयती मिळतात. ती पानं संघाच्या वार्षिक सभेतही वाटली गेली. साहेबांनी आठवं पान चौकटीत लावून घेतलं. चित्रकथांत चौकटीचा मान फार थोड्यांना मिळत असेल.

मला कायम केलं. पेढे घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी एक घेतला, अर्धा तोडून मला दिला. "आता निजत जा जरा," म्हणाले. गोष्टीविषयी ते बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. शेवटची दोन पानं वाटायला मी छावणीत गेलो नव्हतो. कचेरीत काम आहे असं सांगितलं होतं. नव्हतं.

छावणी उठली. पुढे छापील कापडी फलक आले, भिंती ओस पडल्या, साहेबांनाही मग खऱ्या वयात दिसणं भाग पडलं. चाचा लेकीकडे तलवाड्याला राहायला गेले. तिथंच वारल्याचं मला महिन्यानं कळलं. मी कोकणात परत गेलोच नाही. ज्या नोकरीसाठी विहीर तिकडं ठेवली, त्याच नोकरीत निवृत्त झालो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी दूध घालायला येणारी एक बाई खिडकीशी थांबली. छावणीतली निघाली. तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, आई-बाप ऊसतोडीला, ही आजाबरोबर म्हशी राखत होती. म्हणाली, "साहेब, तुमीच न्हवं का ती विहिरीची पानं वाटायचे? शेवटाला ती ट्रकातून उतरती ते लई आवडायचं आमाला."

मी म्हटलं, बाई, तुमची काहीतरी गल्लत होते. ते पान कधी छापलंच नाही. तुम्हाला टँकरचं पान मिळालं असणार.

"ते बी मिळालं. ते बघून आमी पोरं रडाय लागलो. आमच्या आया तिकडंच होत्या ना." दुधाचा कॅन तिनं खाली ठेवला. "मग पेंटरचाचा आले दुपारचे, चुन्याचं डबडं घेऊन. आमच्या म्हशीला दावणीला धरायला लावलं मला, आन् तिच्या अंगावर काढली सगळी. ट्रक, विहीर, उतरताना. फुगाबी काढला."

"फुग्यात काय लिहिलं होतं?"

"काय न्हाई. कोराच होता. म्हणले, तुला वाटंल ते म्हण."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, म्हशीच्या अंगावर ते टिकलं किती दिवस?

"लई दिवस," ती हसली. "म्हस धुवायला पाणी कुठं होतं?"