आचाऱ्याचं यकृत

दुपारचे दोन वाजलेत. उद्या तात्यांचं वर्षश्राद्ध. बाहेर ओटीवर गजाकाका पाहुण्यांना हलक्या आवाजात सांगतोय, "लिव्हर गेलं म्हणजे काय ते समजा. आचारी माणूस, चोरून घेत असणार." आतल्या खोलीत तात्यांची लेक वैजयंती पडली आहे. ती प्रयोगशाळेत नमुने तपासते; तात्या कधी प्यायले नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. उठून भांडावं तर पापण्या जड झाल्यात.

काकाचा आवाज विरतो, तळणीची चरचर ऐकू येते. वाईच्या मंगल कार्यालयातला मुदपाकखाना. तात्या झारा घेऊन कढईपाशी उभे. पोट शेवटी होतं तसं फुगलेलं नाही.

"वैजू, मीठ बघ गं."

"तुम्ही जेवलात?"

"पंगती उठल्याशिवाय आचारी जेवतो होय? नुसतं चाखतो."

"चाखूनच पोट भरायचं तुमचं. तीस वर्षं. वनस्पती तुपातलं तळण, वर पाकातली जिलबी."

कढई आता प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. तूप पांढरं गोठतंय. सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचा काप; तात्या डोळा लावतात.

"ही भोकं कसली?"

"चरबीचे थेंब होते तिथे. आधी चरबी, मग सूज, मग व्रण, मग यकृत आकसतं. त्याला दारू लागत नाही. हे मी सगळ्यांना सांगणार."

तात्यांचा चेहरा उतरतो. "नको. बेवडा म्हणू देत मला. पण आचाऱ्याला त्याच्याच कढईनं खाल्लं, असं नको. लोक म्हणतील, आमच्या लग्नात काय वाढलं यानं?"

"एका पंगतीनं कुणी मरत नाही, तात्या. दादा आता तुमच्याच कढईपाशी असतो. उपाशीपोटी चाखतो. त्याचे रिपोर्ट वाईट आलेत, आणि तो हसतो. म्हणतो, मी कुठे पितो?"

झारा निथळत राहतो.

"हट्टी आहेस."

"तुमचीच."

तात्या तिचं मनगट घट्ट धरतात. "सांग मग. पण माझ्या पुऱ्या टम्म फुगायच्या, तेही सांग."

जाग येते. मनगटावर चार बोटं उमटलीत, तुपकट. पाणी असतं तर एव्हाना वाळलं असतं. ती ते पुसत नाही. दार ढकलून ओटीवर येते.

"काका, तात्या पीत नव्हते. कशानं गेले ते मी सांगते. दादा, तू उठू नकोस. बस."