पन्हळीत अंथरलेली विजार

साइमीबाई दुकानात पायपुसणी पाहत होत्या, पण डोळे मिटून. एकेका पायपुसण्यावरून त्या बोटांची टोके फिरवीत, नखाने त्याचे केस उलटे करीत आणि मान हलवून पुढच्याकडे वळत. उत्तरेकडच्या इनारी गावातल्या त्या दुकानात खिळ्यांपासून खारवलेल्या माशांपर्यंत सर्व काही मिळे. दुकानदार पेन्टी यांनी हा प्रकार बराच वेळ पाहिला. शेवटी त्यांना राहवले नाही.

"साइमी, तुझ्या झोपडीला दारं किती?"

"दोन."

"मग इतकी पायपुसणी कशाला?"

"पाय पुसायला नकोत मला. सोनं धरायला हवीत. पन्हळीच्या तळाला घालणार आहे."

"सदुसष्टाव्या वर्षी पन्हळ? अगं, मग रेइनोला तरी विचार. हिरवासोया ओढ्यावर त्याच्याइतकं कोणाला कळतं?"

साइमीबाईंनी डोळे उघडले. "काथ्याचं दे, हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचं दे, आणि ते रबराचं, रेघांचं. आणि नखं रंगवायची ती लाल बाटली."

"या वयात नखं? कोणासाठी गं?"

"रेइनोसाठीच," असे म्हणून त्यांनी सामान पाठीवर घेतले. पेन्टी हसले, परंतु त्यांचे हसू फार वेळ टिकले नाही. साइमीबाई थट्टा करीत नाहीत, हे त्यांना माहीत होते.

त्या वेळेपासून सव्वीस वर्षे मागे जावे लागेल. साइमीबाईंचे पती ओइवा आणि रेइनो हे दोघे हिरवासोयावर भागीदार होते. ओढ्याचे पाणी लाकडी पन्हळीतून वळवायचे, वरून खडी टाकायची, हलकी खडी वाहून जाते आणि जड सोने तळाच्या अंथरुणात अडकते, असे ते काम. त्या वर्षी अंथरूण बदलायचे ठरले. ओइवा म्हणाले, "इथलं सोनं पिठासारखं बारीक आहे. त्याला रेघांचं कापड पाहिजे. विजारीचं कॉर्डरॉय घालू."

रेइनो यांनी ते सर्वांना ओरडून सांगितले. "ऐकलंत का रे? हा पन्हळीला विजार घालतोय! उद्या म्हणेल, तिला पट्टाही आणा!"

ओढा हसला. त्या उन्हाळ्यात ओइवांना सगळे 'विजारवाला' म्हणू लागले. पन्हळीत रेइनो यांच्या पसंतीचे जाडजूड काथ्याचे पायपुसणे गेले. ते दर शनिवारी धुतले जाई, कारण शनिवारी सौना, म्हणजे वाफेचे न्हाणीघर, तापते, गरम पाणी आयतेच असते, आणि अंग व अंथरूण एकाच दिवशी धुणे ही तेथली जुनी रीत होती. धुऊन निघालेले सोने एका औषधाच्या बाटलीत साठवीत. ती बाटली ओइवांच्या खिशात असे.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सर्व खोदणारे एका मेजाभोवती जमतात आणि आपापले सोने दाखवितात. त्या वर्षी बाटली अर्धीसुद्धा भरली नव्हती. खडी तर चांगली होती, हे सर्वांना ठाऊक होते. तेव्हा रेइनो सर्वांसमक्ष म्हणाले, "पन्हळ खोटं बोलत नाही. बाटली कोणाच्या खिशात होती?"

त्यापुढे ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि बोलण्याची गरजही नव्हती. हिरवासोयावर दाराला कुलूप नसते. घरात कोणी नसेल तर दाराला बाहेरून काठी टेकवितात, एवढेच. काठी दिसली की माणूस परत जातो. त्या दिवसानंतर ओइवा जेथे जेथे गेले, तेथे तेथे दाराला काठी होती आणि धुराड्यातून धूर निघत होता. आत कॉफीचा वास आणि बाहेर काठी. ओइवा सात घरी गेले. सातव्या घरून परत आल्यावर त्यांनी फावडे भिंतीला टेकविले आणि पुन्हा कधी उचलले नाही. सहा वर्षांनी दक्षिणेकडच्या एका लाकूड गिरणीत काम करीत असताना ते वारले. चोर नसलेला तो मनुष्य चोर म्हणून गेला. साइमीबाई त्या दिवसापासून डूख धरून होत्या, परंतु दंश करावा कसा, हे त्यांना उमगत नव्हते.

ते गेल्या हिवाळ्यात उमगले. दारातले काथ्याचे पायपुसणे झटकण्यासाठी त्यांनी उचलले, तर ते फळीसारखे ताठ होते. केसांत रेती ठासून बसली होती. अंगातल्या झग्याचे बटण तुटून त्यावर पडले, ते अडकले नाही, घरंगळत पायरीखाली गेले. साइमीबाई ते पायपुसणे हातात धरून थंडीत उभ्या राहिल्या. शनिवार ते शनिवार, रविवार सोडून सहा दिवस! पहिल्या दिवशीच पन्हळीतले पायपुसणे जडशीळ काळ्या वाळूने भरले असणार, आणि पाच दिवस सोने त्यावरून घसरत खडीबरोबर पन्हळीखालच्या ढिगात गेले असणार. तो ढीग अद्याप तेथेच होता. त्यावर भूर्जाची रोपे उगवली होती.

जूनमध्ये त्यांनी जुन्या पलंगाच्या फळ्यांची पन्हळ ठोकली. मग शिशाचे छर्रे हातोडीने चपटे केले, नखांच्या त्या लाल रंगाने रंगविले आणि पन्नास मोजून एकेका पायपुसण्यावरून पाण्याबरोबर सोडले. शिसे सोन्यापेक्षा हलके असते. शिसे अडकले तर सोने अडकणारच. रबराने मोठे छर्रे धरले, बारीक सोडून दिले. हिरवे गवत बरे होते, परंतु पाणी जोरात आले की त्यातले निम्मे निसटत. काथ्याने पहिल्या तासात सत्तेचाळीस धरले. परंतु साइमीबाईंनी मुद्दाम दिवसभर खडी टाकली आणि संध्याकाळी पुन्हा पन्नास सोडले. या वेळी नऊ राहिले.

"नऊ," त्या मोठ्याने म्हणाल्या. ऐकायला कोणी नव्हते, तरी म्हणाल्या.

कॉर्डरॉय दुकानात नव्हते. ते पेटीत होते. ओइवांची तपकिरी रविवारची विजार, गुडघ्यांवर थोडी झिजलेली. साइमीबाईंनी ती उसवून पन्हळीत जशीच्या तशी लांब अंथरली, आणि छर्रे रेघांमधून सरळ वाहून गेले, जणू गटारे त्यांच्यासाठीच आखली होती. ओइवांचे म्हणणेच चुकीचे होते की काय? मग त्यांच्या लक्षात आले. विजारीच्या रेघा पायाच्या लांबीने जातात. पाण्याला अडवायचे तर त्या आडव्या हव्यात. कात्री लावताना त्यांचा हात थांबला. इतकी वर्षे ती घडी त्यांनी मोडली नव्हती. "तुझ्याच कामाला येतेय रे," असे म्हणून त्यांनी कापले. आडव्या रेघांनी अठ्ठेचाळीस धरले. कापड दर दोन तासांनी बादलीत धुतले, तर संध्याकाळीही अठ्ठेचाळीसच.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार आला. मेज त्या वर्षी रेइनो यांच्या जुन्या जागेवरच मांडले होते, त्या ढिगापासून तीस पावलांवर. रेइनो अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते आणि मानाच्या खुर्चीत बसले होते. साइमीबाई पाठीवर पन्हळ घेऊन आल्या, तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या.

"अरे, विजारवाल्याची साइमी!" रेइनो म्हणाले. "ये, कॉफी घे."

"कॉफी नंतर. आधी ऊठ. फावडं घे."

"मी? अगं, माझी कंबर बघ!"

"सव्वीस वर्षांपूर्वी चांगली होती ना? एक बादली भर. तुझ्याच ढिगातून, तुझ्याच हातानं. मी हात लावणार नाही, नाहीतर म्हणशील हिनं खिशातून टाकलं."

कोणीतरी हसले. पेन्टी हळूच म्हणाले, "भर ना रेइनो. एका बादलीनं काय होतंय?"

रेइनो यांनी बादली भरली. त्यांना तीनदा दम लागला. साइमीबाई एकदाही "राहू दे" म्हणाल्या नाहीत. आधी त्यांनी पन्हळ ओढ्यात टेकविली, सकाळभर खडी टाकून वाळूने भरलेले काथ्याचे पायपुसणे तिच्यात घातले, अर्धी बादली त्यावरून जाऊ दिली आणि ते पेन्टींच्या हाती दिले. पेन्टींनी ते परातीत झाडले. काळी वाळू निघाली, त्यात एकच कण. मग विजारीचे कापड. उरलेली अर्धी बादली. पेन्टींनी परात फिरविली, पाणी ओतले, आणि काळ्या वाळूच्या कडेला पिवळी रेघ उमटली. ती बोटाएवढी लांब होती. साइमीबाईंनी खिशातून ओइवांची जुनी बाटली काढून मेजावर ठेवली. त्याच ढिगातले उन्हाळाभराचे सोने तिच्यात गळ्यापर्यंत भरले होते.

"पन्हळ खोटं बोलत नाही, रेइनो," त्या म्हणाल्या. "तुझंच वाक्य आहे."

काठी लावणाऱ्या त्या सात घरांपैकी चार घरांची माणसे तेथे बसली होती, आणि चौघेही आपापल्या कपात पाहत होते.

"मला माहीत नव्हतं," रेइनो म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "देवाशपथ, साइमी. अंथरूण शनिवारीच धुतात. सगळेच धुतात."

"ओइवालाही माहीत नव्हतं. आपण चोरलं नाही, एवढंच त्याला माहीत होतं. ते तू त्याला विचारलं असतंस, तर त्यानं सांगितलं असतं."

त्यांनी पन्हळ उचलली. कॉफी घेतली नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी साइमीबाईंना खिडकीतून रेइनो येताना दिसले. त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता, केस पाण्याने बसविले होते, आणि हातात कापडात गुंडाळलेला गोड पाव होता. क्षमा मागायला निघालेला मनुष्य लांबून ओळखू येतो. साइमीबाईंनी चुलीत आणखी दोन लाकडे घातली, म्हणजे धूर चांगला दिसेल. कॉफी चढविली. मग मागच्या दाराने बाहेर जाऊन त्यांनी पुढच्या दाराला काठी टेकविली आणि परत आत येऊन बसल्या.

पावले पायरीपाशी थांबली. बराच वेळ थांबली. रेइनो यांना काठी दिसत होती, धूर दिसत होता, कॉफीचा वासही येत असणार. एकदा घसा खाकरल्याचा आवाज आला. मग पावले फिरली, आणि जाताना ती येतानापेक्षा पुष्कळ हळू पडत होती.

हे एकच घर होते. ओइवांनी अशी सात पाहिली होती. साइमीबाईंनी कपात कॉफी ओतली आणि ती गरम असतानाच, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.