मासळी घरपोच, आणि मागोमाग माझा आवाज

विनय गेल्याचा फोन आला तेव्हा मी पूर्णगडच्या बंदरावर बांगडा विकत बसले होते. त्याची बायको सुजाता बोलत होती. "काकी, हे गेले. रत्नागिरीला हॉस्पिटलात नेलं होतं, पण..." समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याचे बांगडे कापून दिले आणि मग उठले. आता दोनेक महिने झाले. पेपरच्या पुरवणीत लिहा, असं त्याच्या मित्रांनी सांगितलं. मी चौथी शिकलेली बाई. रडगाणं लिहिता येत नाही, झालं ते लिहिते.

विनय शेजारचाच. मुंबईत कॉम्प्युटरवर काम करायचा, कंटाळून परत आला आणि घरी बसून फोनसाठी एक ॲप बनवलं. वारा कसा आहे, भरती कधी, कुठल्या बंदरावर काय भाव, हे सगळं ते बोलून सांगायचं, कारण आमच्यातल्या कितीतरी बायकांना वाचता येत नाही. लिहिलेलं सगळं उघडं ठेवायचं, कुणीही घ्यावं, सुधारावं, पुढे द्यावं, असा त्याचा नियम. त्याला ते ओपन सोर्स म्हणत. हर्णै-मालवणकडची पोरं फुकट मदत करायची. आवाज आम्हा बायकांचे, त्यात जास्त माझा. माझ्या स्वयंपाकघरात तो पंखा बंद करायचा, खिडकीला गोधडी टांगायचा आणि म्हणायचा, "काकी, परत एकदा." मी म्हणायची, "मेल्या, वारा तरी एकदाच येतो. मी किती वेळा सांगू?"

मग पुण्याची एक कंपनी आली. ॲप चालवायला आमची यंत्रं वापरा, आमची माणसं देतो, भागीदारी करू, म्हणाली. विनय लहानपणी रापणीवर वाढलेला. रापणीत किनाऱ्यावरून जाळं ओढताना दोरीला हात लावेल त्याला वाटा मिळतो, तू कोण असं कुणी विचारत नाही. त्यानं कंपनीलाही तू कोण म्हणून विचारलं नाही. तिथून आलेली मेधा नावाची मुलगी खरंच राबली. माझ्याकडं जेवायची, भावात चूक झाली तर रात्रभर जागून दुरुस्त करायची. पुढे कंपनीनं सगळ्यांकडून सह्या मागितल्या. ज्यानं त्यानं दिलेल्या कामाचा आणि आवाजाचा हक्क कंपनीकडं, फक्त सोयीसाठी. विनय दारोदार फिरला. "काही फरक पडत नाही काकी, सगळं उघडंच राहणार." आम्ही कंपनीला ओळखत नव्हतो. त्याच्या शब्दावर सह्या केल्या.

मेधाची बदली झाली. तिच्या जागी आलेल्यानं पुढचं काम उघडं ठेवणं बंद केलं आणि नवं ॲप कंपनीच्या नावानं काढलं. जुनं उघडं होतं म्हणे, पण ते चालायचं कंपनीच्याच यंत्रांवर, आणि ती यंत्रं त्यांनी थांबवली. नव्या ॲपमध्ये आधी जाहिरात लागायची, साफ केलेली मासळी घरपोच मिळेल म्हणून, आणि मागोमाग माझा आवाज. बंदरावर माझ्या शेजारी मासे विकणारी कुसुम म्हणाली, "काय गो शेवंते, गिऱ्हाईकाला तूच सांगतेस वाटतं, बंदरावर येऊ नको म्हणून?" सगळ्या हसल्या. मी माझा फोन पाटीखाली ठेवायला लागले. माझाच आवाज मला ऐकवेना.

विनयनं बंदरावर येणंच सोडलं. समुद्राकाठचा माणूस मासे घ्यायला समुद्रापासून लांब पालीच्या बाजारात जायला लागला, तेही शिळे. वर्षभर आम्ही दोघं एकमेकांना चुकवत राहिलो, भिंतीला भिंत लागून घरं असताना...

एक दिवस दारात उभा राहिला. म्हणाला, "काकी, चूक माझी."

"मग कुणाची? आत ये."

"कंपनीवर विश्वास ठेवायला नको होता ना?"

"मेधावर ठेवलास त्यात काही चुकलं नाही. तिला उचलून दुसरीकडं टाकतील, हे बघितलं नाहीस."

आत येऊन बसला आणि म्हणाला, "दोरी ओढू दे त्यांना, वाटाही घेऊ दे. जाळं मात्र त्यांच्या घरी ठेवायचं नाही. आणि हक्क लिहून द्यायचा नाही."

"हे पालीचे मासे खाऊन सुचलं काय?"

तेव्हा हसला. जुनं ॲप त्यानं पुन्हा सुरू करायला घेतलं होतं, तीन गावांत तीन छोटी यंत्रं ठेवून, एक बंद पडलं तरी दुसरं बोलेल असं. जुन्या आवाजांचा हक्क कंपनीकडं गेलेला, म्हणून ते मात्र नव्यानं भरायला हवे होते. मी बसले. वाऱ्यांची नावं झाली, माशांची अर्धी झाली, आणि तो गेला.

उरलेली मी भरतेय. दुपारी पंखा बंद करते, खिडकीला गोधडी टांगते. मतलई वाऱ्याच्या मागोमाग त्याचा आवाज तसाच राहून गेलाय. काढून टाका, असं मीच पोरांना सांगितलं, वारा ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग. त्यांनी अजून काढलेला नाही, आणि भरून झालं तेवढं ॲप सुरूही केलंय. काल बंदरावर कुसुमच्या फोनवर वाजलं, "मतलई... काकी, परत एकदा." कुसुम खाली बघून मासे निवडत राहिली. तो जिवंत होता तोवर, बंदरावर ये रे, एवढं आमच्यातल्या एकीनंही त्याला सांगितलं नव्हतं.